डाव्या हाताचे छप्पन्न चौकोन

मी डावखुरी आहे हे आमच्या डेपोत कित्येक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. कंडक्टरच्या नोकरीत ते लपवावंच लागतं. नोकरीला लागले त्या आठवड्यात एरंडोलच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी डाव्या हातानं तिकीट दिलं. त्यांनी ते घेतलंच नाही. "बाई, सकाळची वेळ आहे. उजव्या हातानं द्या," म्हणाले. मागच्या दोन बाकांवरच्या लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मशीन डाव्या हातात धरायचं आणि देणं-घेणं सगळं उजव्यानं करायचं, अशी सवय मी लावून घेतली. मला ती जड गेली नाही. उजव्या हाताचं सोंग मी लहानपणापासून वठवत आले होते.

आमचं गाव चोपड्याजवळ. घरची केळी, थोडा कापूस. मी चार वर्षांची असताना डाव्या हातानं जेवायला लागले, तेव्हा आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझा डावा हात कमरेशी बांधला. जेवताना बांधायचा, लिहिताना बांधायचा. वर्षभरात मी उजव्या हातानं लिहायला शिकले. अक्षर मात्र कायम कोंबडीच्या पायासारखं राहिलं. पुढे आठवीत शिवणकामाच्या बाईंनी सगळ्या मुलींना क्रोशाची सुई दिली. सुई उजव्या हातात, दोरा डाव्या. चाळीस मुलींच्या साखळ्या झाल्या, माझी गाठ झाली. बाईंनी ती गाठ वर्गात सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "हिच्या हातात कला नाही." ते मला खरं वाटलं. पुढे रांगोळी असो, मेंदी असो की स्वेटर, बायका बसल्या की मी चहा करायला उठायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मला जळगाव-धुळे अशी पहाटेची पावणेसहाची गाडी सलग तीन महिने मिळाली. आमच्याकडे उन्हाळ्याचं एवढं नाव आहे की खानदेशात थंडी पडते हे बाहेरच्यांना पटत नाही. पण डिसेंबरात पहाटे उघड्या शिवारातून गाडी निघाली की दाराच्या फटीतून वारा सुईसारखा आत येतो, आणि कंडक्टरची जागा नेमकी दाराशी. माझा जुना स्वेटर कोपरापाशी उसवला होता. नवा विकत घ्यायचा, एवढाच तेव्हा विचार होता.

त्याच गाडीला पारोळ्याहून एक बाई चढायच्या. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर ओढणी, हातात तीन डब्यांचा टिफिन. पारोळ्यातल्या जुन्या कापड दुकानवाल्या मारवाडी घरातल्या. त्यांची मुलगी धुळ्यात दिली होती. तिला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. म्हणून आई एक दिवसाआड डबा घेऊन जायची. मी त्यांना काकू म्हणायचे. माझ्या जागेच्या मागच्या बाकावर त्या बसत, टिफिन पायाशी ठेवत आणि पिशवीतून लोकर काढत. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत साधारण तासाभराची वाट. धुळ्याच्या अलीकडे त्या सुई थांबवायच्या तेव्हा त्यांच्या मांडीवर एक चौकोन तयार असायचा. गाडी खड्ड्यात आपटो, कुणी अंगावर रेलो, चौकोन व्हायचाच.

तिकिटं आटोपून मी एकदा विचारलं, "काकू, एवढे चौकोन कशाला?"

"जोडायचे. पाळण्यात अंथरायला. मुलीचं जॅकेट पण असंच केलं होतं मी." त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. मुलगी हसत उभी, अंगात रंगीबेरंगी चौकोनांचं कार्डिगन. "यात काही अवघड नाही बेटा. बाह्या वेगळ्या विणा, गळा कापा, काही नाही. एक चौकोन आला की झालं. बाकी सगळी जोडणी."

"मला नाही जमायचं. माझ्या हातात कला नाही."

"कोण म्हणालं?"

मी बाईंचं सांगितलं. त्या खळखळून हसल्या. "आठवीतल्या बाई अजून तुझ्या गाडीत बसतात का?"

ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं. परतीच्या फेरीत एरंडोल येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. स्वेटर विकत घ्यायचा नाही. करायचा. आणि स्वतःसाठी करायचा. आमच्यासारख्या बायका काही विणायला घेतात तेव्हा ते नवऱ्यासाठी, पोरांसाठी, फार तर देवाच्या आसनासाठी असतं. मला ते नको होतं. मला माझी थंडी घालवायची होती.

धुळ्यात आमची गाडी चाळीस मिनिटं थांबायची. काकूंना घ्यायला त्यांचे जावई यायचे, तेही पंधरा-वीस मिनिटं उशिरा. ती पंधरा मिनिटं माझी शाळा झाली. स्टँडवरच्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला एक जाडसर सुई दिली, उरलेली लोकर दिली. "हात बघ माझा. असा दोरा, अशी सुई. आत घाल, दोरा पकड, ओढ."

मी सुई उजव्या हातात घेतली. आत घातली, दोरा पकडला, ओढला. दोरा सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. पंधरा मिनिटांत दहा साखळ्यासुद्धा झाल्या नाहीत, आणि झाल्या त्या अशा घट्ट की सुई परत आत शिरेना. पहिल्या दिवशी असंच असतं, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या धड्याला तेच. तिसऱ्याला माझ्या तळव्याला एवढा घाम आला की लोकर ओली झाली. डिसेंबरातल्या सकाळी, साडेआठ वाजता! आठवीतला तो वर्ग जसाच्या तसा समोर आला. मी सुई बाकावर ठेवली आणि पाण्याची बाटली उचलून झाकण फिरवलं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "तू डावरी आहेस?"

मी झाकण परत घट्ट लावलं.

"झाकण डाव्या हातानं फिरवलंस. परवा बॅगेची चेन पण डाव्या हातानं लावलीस. सांगायचं नाही का आधी?"

"सांगून काय होणार काकू? शिकवणारे सगळे उजवेच."

त्या उठल्या, टिफिन घेतला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मधे एक पाऊलभर जागा. "आता सुई डाव्या हातात घे. मी आरसा आहे असं समज. माझा उजवा हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तुझा डावा न्यायचा. डोकं चालवू नकोस, नुसतं बघ आणि कर."

मी सुई डाव्या हातात घेतली. स्टँडवर एवढी माणसं, आणि मला कुणीतरी ओरडेल असं वाटत होतं. कुणाचं लक्षही नव्हतं. त्यांनी दोरा पकडला, मी पकडला. त्यांनी ओढला, मी ओढला. साखळी झाली. दुसरी झाली. जावई येईपर्यंत माझ्या हातात वीतभर साखळी लोंबत होती, आणि तिच्यातली प्रत्येक कडी मोकळी, सारखी होती. त्या गेल्यावर मी गाडीत एकटी जाऊन बसले आणि ती साखळी उसवून पुन्हा केली, पुन्हा उसवून पुन्हा केली. परतीची वेळ झाली तेव्हा आमचे ड्रायव्हर स्टिअरिंगवर येऊन बसले. धुळ्याकडच्या खेड्यातले, निवृत्तीला आलेले, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांनी मागे वळून बघितलं.

"हाई काय शे व माय? जाळं शे का?"

"स्वेटर आहे नाना."

नानांनी त्या वीतभर दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

पुढचे धडे समोरासमोरच झाले. मधोमध चार साखळ्यांचं छोटं कडं. त्या कड्यात उभे खांब. दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यायचा आणि दोन-दोन करत सोडायचं, की एक खांब उभा राहतो. कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, परत दोन खांब. बाजूला सरळ खांबावर खांब. अशा सहा फेऱ्या झाल्या की चौकोन पुरा. काकूंची फेरी एका दिशेनं फिरायची, माझी उलट्या. "माझं घड्याळ वेगळं, तुझं वेगळं," त्या म्हणायच्या. माझा पहिला चौकोन त्रिकोणी झाला, कारण एक कोपरा विसरले होते. दुसऱ्याला पाच कोपरे आले. तिसरा मात्र चौकोन होता. वाकडा होता, पण कुणालाही विचारलं असतं तरी चौकोनच म्हणालं असतं.

आता मोजमाप. काकूंनी तिकिटाच्या मशीनच्या कागदावर मला आकृती काढून दिली. पाठीला आडवे चार, उभे पाच. पुढच्या दोन बाजूंना प्रत्येकी आडवे दोन, उभे पाच, फक्त गळ्याशी वरचा एक-एक सोडायचा. बाह्यांना तीन बाय तीन. सगळे मिळून छप्पन्न. चौकोन साधारण तेरा सेंटिमीटरचा. धुळ्यातल्या दुकानातून मी लोकर आणली. खाकीवर शोभतील असेच रंग घेतले: गर्द चॉकलेटी, राईचा पिवळा आणि बाटलीचा हिरवा. डेपोत साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. "बिल्ला दिसला पाहिजे, बाकी भडक नको," एवढंच ते म्हणाले.

चालत्या गाडीत मी कधी सुई हातात घेतली नाही. तो नियम मी माझ्यापुरता पहिल्याच दिवशी केला. पण थांब्यांवर, धुळ्याच्या चाळीस मिनिटांत, जळगावला ड्युटी संपल्यावर हिशेब जमा करायच्या रांगेत माझे हात चालू असत. बरोबरीच्या कंडक्टर बायका विचारायच्या, "कोणासाठी?" मी म्हणायचे, "माझ्यासाठी." "तसं नव्हे, हे कोणासाठी आहे?" "माझ्यासाठीच." मग त्या हसायच्या, जणू मी उत्तर टाळत होते.

जानेवारीच्या मध्यापर्यंत चोवीस चौकोन झाले. एका रविवारी मी ते घरी पलंगावर मांडले आणि माझा हिरमोड झाला. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. काही तेराचे, काही साडेअकराचे, एक-दोन चौदाच्या वर. नीट बघितलं तर त्यांची कारणंसुद्धा सांगता आली असती. हा घट्ट चौकोन टायर पंक्चर होऊन मुकटीपाशी दीड तास उभे होतो त्या दिवसाचा. हा सैल, आळसावलेला, सुट्टीच्या दुपारचा. नवरा म्हणाला, "कोणाला कळणार आहे? ओढून ताणून जोड." तो चांगल्या मनानं म्हणाला. पण मला कळणार होतं.

मी केळीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, फूटपट्टीनं मोजून तेरा सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि एकेक त्यावर ठेवून बघितला. बसेल तो ठेवला, बसणार नाही तो उसवला. चोवीसातून पाच उरले. दुसऱ्या दिवशी पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा नानांनी विचारलं, "कितला झालात?"

"पाच."

"मांगल्या हप्त्यात तं वीस व्हतात!"

"एकोणीस उसवले."

नानांचा चहा बशीतच राहिला. "बठ्ठं उसवी टाकं? येडी शे का तू?"

"मापात नव्हते नाना. गाडीचे चार टायर चार मापांचे घालाल का तुम्ही?"

नानांनी मान हलवत बशीतला चहा संपवला. पण त्यानंतर डेपोत कुणी माझ्या विणण्याची थट्टा केली की नाना म्हणायचे, "तिले करू द्या."

त्यानंतर पुठ्ठा कायम माझ्या बॅगेत असे. प्रत्येक चौकोन संपला की पुठ्ठ्यावर. हात हळूहळू सारखा पडू लागला. फेब्रुवारीत एका आठवड्यात आठ चौकोन झाले आणि एकही उसवावा लागला नाही, तेव्हा मी स्वतःला पारोळ्याच्या स्टँडवर भजी खाऊ घातली.

त्याच महिन्यात काकूंच्या मुलीला घाईनं दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ वेळेआधी झालं, पण बाळ आणि आई दोघं सुखरूप होते. काकू पारोळ्याचं घर सोडून धुळ्यातच राहायला गेल्या, त्यामुळे त्यांची बस बंद झाली. त्यानंतर एका सकाळी त्या मुद्दाम धुळ्याच्या स्टँडवर मला भेटायला आल्या. हातात पिशवी. आत बारा चौकोन, माझ्याच रंगांचे, माझ्याच मापाचे. कधी केले कोण जाणे. दवाखान्याच्या बाकावर बसून केले असणार. "तुझी थंडी निघून चाललीय बेटा. एवढे माझ्याकडून. आता लवकर होईल."

मी त्यांच्या पाया पडले. पिशवी घरी नेली, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा एक चौकोन माझ्या चौकोनाशेजारी ठेवला. माप तंतोतंत. रंग तोच. तरी काहीतरी खटकत होतं. दिव्याखाली धरून बघितल्यावर समजलं. खांब अगदी सरळ उभा राहत नाही, किंचित कलतो. त्यांचे खांब एका बाजूला कललेले होते, माझे दुसऱ्या. दोन चौकोन एकमेकांशेजारी ठेवले की दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी असल्यासारखी दिसत होती.

लोकांना हे दिसलंही नसतं. मला तीन दिवस दुसरं काही दिसलं नाही. त्या बाईनं दवाखान्यात बसून केलेले ते चौकोन. ते न वापरणं म्हणजे तिचा हात झिडकारणं, असंही वाटलं. बाह्यांत लपवावेत, असाही विचार केला. मग एक गोष्ट मान्य केली. प्रश्न खांब कुठे कलतात हा नव्हता. मला सगळेच्या सगळे छप्पन्न माझ्या डाव्या हातानं केलेले हवे होते. मला ते स्वतःला दाखवायचं होतं.

मी फोन केला आणि खरं ते सांगितलं. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"मला वाईट वाटलं," काकू म्हणाल्या. त्या कधीच गुळमुळीत बोलायच्या नाहीत. "पण माझ्या सासूनं मी लग्नासाठी भरलेल्या रुमालांत तिचे दोन घुसडले होते, ते मला अजून खुपतात. तू बरोबर करतेस. माझे मला परत पाठव. पाळण्याच्या अंथरुणाला बाराच कमी पडतायत."

ते चौकोन मी धुळ्याला जाऊन त्यांच्या हातात दिले. बाळ एवढंसं होतं, कापसाच्या बोंडासारखं. काकूंनी त्याच दुपारी माझ्यासमोर ते जोडायला घेतले आणि जोडणी कशी करायची तेही मला दाखवून दिलं. यावेळी मला आरसा लागला नाही. त्या शेजारी बसल्या होत्या आणि मी मनातल्या मनात उलटं करून घेत होते.

मार्च संपला. थंडी कधीच गेली होती. माझे त्रेचाळीस झाले होते. शहाण्या माणसानं इथे बोचकं बांधून पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवलं असतं. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. बाजूला ठेवलेली गोष्ट माझ्याकडून परत हातात घेतली जात नाही. म्हणून मी एप्रिलात लोकर विणली. जळगावच्या एप्रिलात. थांब्यावर उभ्या गाडीच्या खिडक्यांतून भट्टीचा वारा यायचा, लोकर बोटांना चिकटायची, बोटांना पावडर लावून मी खांब मोजायचे. प्रवासी माझ्या मांडीवरच्या गोळ्याकडे बघून स्वतःच घाम पुसायचे. नाना म्हणाले, "आते हाई घालशी कव्हय? जेठमा?"

"गरज पडली तर जेठात."

याच दिवसांत आणखी एक झालं. माझ्या एका हातात सुई आणि एका हातात लोकर असताना पारोळ्याला एक बाई चढल्या. मी सुई खाली ठेवली, मशीन घेतलं आणि तिकीट दिलं. दिल्यावर लक्षात आलं की डाव्या हातानं दिलंय. बाईंनी ते घेतलं, ब्लाउजमध्ये खोचलं आणि खिडकीशी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी सोंग सोडून दिलं. महिन्याभरात एकच माणूस हरकत घ्यायला आला. मी त्याला म्हटलं, "काका, गाडी धुळ्यालाच जाणार आहे. तिकीट कुठल्याही हातानं घ्या." गाडी हसली. तो बसला.

छप्पन्नावा चौकोन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाला. जोडणीला घरची फरशी लागली. सगळे चौकोन आकृतीप्रमाणे मांडायचे तर पंखा बंद करावा लागे, नाहीतर हलके चौकोन कोपऱ्यात जात. दारं बंद, पंखा बंद, बाहेर त्रेचाळीस अंश. मी फरशीवर गुडघ्यांवर. पाठ जोडली, पुढच्या बाजू जोडल्या, खांदे शिवले. मग बाह्या. तीन चौकोनांमधला मधला खांद्याच्या शिवणीवर दुमडून बसवायचा. डावी बाही बसली. उजवी बसवली, उलटून बघते तर तिची शिवण बाहेर आली होती. उलटी लावली होती. मी तिथेच फरशीवर आडवी झाले. पाच मिनिटं गार फरशीला गाल लावून पडले. मग उठून कात्री घेतली.

काठाची पट्टी उरली होती, ती मी चोपड्याला नेली. मे महिन्यात चार दिवस रजा घेऊन माहेरी गेले होते. भाऊ केळीच्या कापणीत, वहिनी बाहेर. दुपारी ओसरीवर मी आणि आई. आई आता पंच्याहत्तरीला आली आहे, नजर अजून चांगली आहे. ती बाजेवरून कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"कोन्हासाठे शे?"

"माझ्यासाठी."

सुई आत, दोरा, बाहेर. मग ती म्हणाली, "तुना हात मीच बांधेल व्हता."

हे आमच्यात कधी बोललं गेलं नव्हतं. मला वाटायचं ती विसरली असेल.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"तुनी आजी म्हने, डावरी पोर सासरी नांदत नही. लोक नावं ठेवतीन. मी काय करू?" थोड्या वेळानं, "दुखे का व तव्हय?"

काही नाही, असं म्हणणं सोपं होतं. तिचं वय झालंय, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी एकोणीस चौकोन उसवले होते, काकूंना फोन केला होता, आणि खोटं बोलायची माझी सवय त्या वर्षात जरा कमी झाली होती.

"दुखायचा, आई. मनगटाला वळ यायचा. आणि मला वाटायचं, हा हात माझा नाहीच."

आईनं हात पुढे केला. मला वाटलं ती कार्डिगन बघायला मागतेय. तिनं माझं डावं मनगट धरलं आणि अंगठ्यानं चोळत राहिली. एखाद्या लहान पोराचं चोळावं तसं. माफी वगैरे तिनं मागितली नाही, आणि मलाही ती नको होती. विणणं थांबलं. ओसरीसमोरून ट्रॅक्टर गेला, केळीच्या घडांनी भरलेला. मग ती म्हणाली, "कर. संध्याकायले पुरं व्हयी जाई." आणि कूस बदलून झोपली.

ते संध्याकाळी पुरं झालं नाही. तीन दिवस लागले. जळगावला आल्यावर सहा बटणं लावली आणि एका दुपारी कपाटाच्या आरशासमोर ते अंगात घातलं. मेचा तिसरा आठवडा होता. कूलर चालू असूनही कानामागून घाम वाहायला लागला. मी गळ्यापर्यंत बटणं लावली आणि उभी राहिले. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या होत्या. खांदे नीट बसले होते. सगळे खांब एकाच बाजूला कललेले. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काढ, चक्कर येईल." मी म्हटलं, "पाच मिनिटं." पाच मिनिटं मी घड्याळात बघून उभी राहिले. मग काढलं, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं आणि डोकं पाण्याखाली धरलं.

डिसेंबरात पहाटेची पाळी परत लागली, आणि मी ते घातलं. दाराशी वारा तसाच होता, फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हता. साहेबांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बिल्ला सरळ लावायला सांगितला, बाकी काही नाही. काकूंना मी फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर आलं, "पाठीवरच्या तिसऱ्या ओळीत एक कोपरा ढिला आहे." खरंच होता. मी तो तसाच ठेवला आहे.

एक चूक मात्र कुणीच आधी सांगितली नव्हती. असं विणलेलं कापड स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं. जानेवारी उजाडेपर्यंत कार्डिगन चांगलं चार बोटं लांब झालं आणि चढता-उतरताना गाडीच्या कडीत अडकायला लागलं. एका रविवारी मी खालची पट्टी पूर्ण उसवली, आणखी बारीक सुई घेतली आणि घट्ट हातानं तीच पट्टी परत विणायला बसले. दुपारी सुरू केली, दिवेलागणीला संपली. मग इस्त्री करून खुंटीला टांगलं, गणवेशाशेजारी. सकाळी पावणेसहाची गाडी होती.